मास्तरांचा संघ आणि गावची शाळा

आपल्याकडे शिक्षकाचा इतिहास सांगायला बसले की लेखक ऋषींपासून सुरुवात करतो. आश्रम झाला, समिधा झाल्या, की मधली हजार वर्षे एका उडीत ओलांडून तो थेट आजच्या मास्तरांच्या पगारापाशी येतो आणि सुस्कारा सोडतो. मधल्या काळात मास्तर काय खाऊन जगत होता, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. मी मास्तर असल्यामुळे मला मात्र तोच प्रश्न आधी सुचतो.

आमचा हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा निघाला; परंतु येथल्या शाळेची कुळकथा निजामी अमलापर्यंत मागे जाते. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे. त्यामुळे वसमत-कळमनुरीकडच्या मराठी पोराला माध्यमिक वर्गात गेले की गणित आणि भूगोलही उर्दूतून गिरवावा लागे. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी. संस्थानात शंभरात दहा माणसांनाही अक्षरओळख नव्हती. अशा राज्यात मास्तर म्हणजे एकटा जीव. वर तालीम खात्याचा इन्स्पेक्टर, शेजारी पाटील-देशमुख, आणि खाली ज्यांच्या पोटापाण्याची भ्रांत अशी पोरे.

तरीही याच मातीत राष्ट्रीय शाळा निघाल्या. हिप्परग्याच्या आणि नंतर अंबाजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून नांदलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, १९३८ साली शाळा सोडून सत्याग्रहात उतरले. त्यांच्याविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शिक्षक होण्यापूर्वी त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यापाशी मजूर चळवळीत काम केले होते. संघटना म्हणजे काय, हे शिकूनच हा माणूस फळ्यापुढे उभा राहिला होता. मराठवाड्यात मास्तरकी आणि चळवळ यांची सोयरीक अशी जुनी आहे.

१९४८ साली निजामी गेली, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. गावची शाळा आता गावाजवळच्या सत्तेकडे आली, हे चांगलेच झाले. पण मास्तरांची बदलीही तिकडेच गेली! निवडणुकीत अमक्याच्या ओसरीवर बसला म्हणून गुरुजींनी आडवळणाच्या वाडीवर जावे, अशा कथा जुन्या मास्तरांकडून आम्ही कितीतरी ऐकल्या. बदली जिल्ह्यात होई, आणि वेतनश्रेणी, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन हे ठरे मुंबईला. सेनगावच्या एकट्या मास्तरांचा आवाज मुंबईपर्यंत कसा पोचावा? राज्यभराचा संघ ही शिक्षकांची हौस नव्हती. कारभाराची रचनाच तशी असल्यामुळे त्यावाचून गत्यंतर नव्हते.

खासगी माध्यमिक शाळांतले दुःख निराळे. तिथे सही पूर्ण पगारावर आणि हातात अर्धाच पगार, हा रिवाज इतका रुळलेला होता की त्याची कोणाला लाजही वाटेनाशी झाली होती. संस्थाचालकाची मर्जी फिरली की नोकरी संपली. यावर १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आला. चौकशीवाचून काढता येणार नाही आणि काढलेच तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येईल, एवढे दोन आधार त्याने दिले. माझ्या मते या कायद्याचे मोल पगारवाढीहून मोठे आहे. भ्यालेला मास्तर पोरांना निर्भयपणा काय शिकवणार?

त्याच वर्षी डिसेंबरात राज्य कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा तो प्रसिद्ध संप सुरू झाला. र. ग. कर्णिक हे त्याचे नेते आणि केंद्राप्रमाणे महागाई भत्ता ही मागणी. संप चौपन्न दिवस चालला. घरात दाणा नाही, वाणी उधार देत नाही, अशी चूल त्या पिढीने सोसली. शाळा मात्र ओस पडल्या, आणि गावकऱ्यांनी विचारले, ‘गुरुजी, तुमचं भांडण सरकारशी, मग आमच्या लेकराचं काय?’

हा सवाल टाळून चालणार नाही. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी १९६६ साली शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र संमत केले. शिक्षकांच्या संघटना ही शिक्षणाच्या प्रगतीची एक शक्ती आहे, असा त्याचा आशय आहे. मान मोठा आहे, पण तो मिळवावा लागतो. संघाने दाराआतल्यांना सांभाळले. दाराबाहेरच्यांचे काय झाले? २००० साली शिक्षणसेवक आले, म्हणजे तीच शाळा, तेच काम, पण तीन वर्षे केवळ मानधन. २००१ साली ‘कायम विनाअनुदान’ आले. २००९ साली त्यातला ‘कायम’ शब्द गळाला, तरी अनुदानाची वाट पाहण्यात अनेकांचे केस पिकले. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. त्या वेळी जुने गुरुजी फारसे हलले नाहीत. मार्च २०२३ मध्ये पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा अठरा वर्षे उलटत आली होती. शिवाय विधान परिषदेत शिक्षकांचे मतदारसंघ आहेत, पण संविधानाप्रमाणे तेथे मत माध्यमिक शाळेपासून वरच्यांनाच. पहिलीच्या पोराचा हात धरून ‘ग’ काढणारा मास्तर त्या यादीत नाही.

आणि २०१७ च्या डिसेंबरात, दहाहून कमी पट म्हणून राज्यातल्या तेराशेंहून अधिक शाळा बंद करण्याचे ठरले, तेव्हा खरी कसोटी होती. शिक्षकाला दुसरीकडे सामावून घेता येते. वाडीवरच्या पोरीला मात्र दुसरी वाडी नसते. आमच्याकडे दिवाळी सरली की बैलगाड्या आणि ट्रक ऊसतोडीच्या वाटेला लागतात आणि वर्गातली निम्मी बाके रिकामी होतात. त्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह वेळेवर उघडावे, ही मागणी महागाई भत्त्याच्या मागणीशेजारी, त्याच कागदावर, त्याच जोराने लिहिली गेली पाहिजे.

संघ नको म्हणणाऱ्यांनी अर्ध्या पगारावर सही करणारा तो जुना मास्तर आठवावा. संघातल्यांनी संपाच्या दिवसांत प्रश्न विचारणारा तो गावकरी आठवावा. त्या मास्तराला संघाने उत्तर दिले. त्या गावकऱ्याचे उत्तर अजून आपल्याकडे येणे आहे.