चवदार तळ्याचे दोन ठराव

महाडच्या सत्याग्रहावर पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र तेथील नगरपालिकेचे दोन ठराव अधिक बोलके वाटतात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. सवर्णांच्या धाकापुढे तळ्यावर जाणार कोण? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायले. मग तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ४ ऑगस्टलाच (योगायोग पाहा!) नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. सभासदांचे खरे मत, माझ्या मते, या दुसऱ्या ठरावात उमटले. पुढे वाद न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल यायला १९३७ उजाडले.