चाकरीचें धांवणें व हौशीचें धांवणें

धांवणें ही गोष्ट आपल्याकडे इतकी सामान्य समजली गेली आहे कीं, तिलाही इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. घोड्याचा इतिहास आहे, तोफेचा आहे, आगगाडीचा तर आहेच. परंतु ज्या पायांनीं या सर्वांच्या आधीं, आणि कित्येकदां या सर्वांहून अधिक खात्रीनें, निरोप पोहोंचविले त्यांची नोंद ठेवण्याची तसदी फारशी कोणीं घेतली नाहीं. अलीकडे गांवोगांवीं धांवपटूंचीं मंडळें निघालीं आहेत, आणि त्यांचा ओढा डांबरी रस्त्यांवरून आतां सह्याद्रीच्या रानवाटांकडे वळला आहे. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके म्हणजे अशा शर्यतींसाठीं निसर्गानेंच मांडून ठेवलेलें मैदान होय. छातीवर आंकडा लावावा, पहाटेच्या गारव्यांत निघावें, ओढे ओलांडावे, खिंड चढावी आणि दुपारच्या आंत घामाघूम होऊन परत यावें, ह्या नव्या हौशीचें आम्ही स्वागतच करतों. परंतु ज्या वाटेवर ही हौस चालली आहे ती वाट कोणाच्या पायांनीं पडली, हा प्रश्न विचारल्यावांचून तें स्वागत पुरें होत नाहीं.

प्रथम भूमीकडे पाहूं. शहापुराच्या माथ्यावर माहुलीचे सुळके उभे आहेत व पूर्वेस आजोबाचा प्रचंड कडा आहे. सीतामाई व लव-कुश ह्यांच्याशीं लोकांनीं त्याचें नातें जोडलें आहे. मुरबाडकडे वळलें कीं गोरखगड, मच्छिंद्रगड व सिद्धगड लागतात, आणि माळशेज व नाणेघाट ह्या दोन वाटा कोंकणांतून जुन्नराकडे चढतात. ह्यांपैकीं नाणेघाट हा सर्वांत बोलका. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून उतरलेला माल ह्याच खिंडींतून देशावर जात असे. घाटमाथ्याच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणें ह्यांची त्यांत मोजदाद असून, भारतांतील अत्यंत जुन्या अंकचिन्हांपैकीं कांहीं तेथेंच सांपडतात. त्याच लेण्यांत राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ति कोरलेल्या होत्या व प्रत्येकीवर नांव घातलेलें होतें. आज त्या मूर्तींचे पायांपुरतेच अवशेष उरले आहेत. काळाचा विनोद असा कीं, ज्यांना ही चढण आपल्या पायांनीं चढण्याचें कारण क्वचितच पडलें असेल त्यांचेच पाय तेथें शिल्लक राहिले. आणि ज्यांनीं शतकानुशतकें डोक्यावर ओझें घेऊन ती चढण झिजविली त्यांचें पाऊलही नाहीं व नांवही नाहीं. बाहेर दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचें नाणें पडत असे, अशी परंपरा सांगते. नाण्याचा हिशेब होता, पावलांचा नव्हता.

मराठेशाहींत ह्या मुलुखाचें महत्त्व वाढलें. इ. स. १६३६ सालीं शहाजीराजांनीं निजामशाही वांचविण्याचा शेवटचा प्रयत्न केला तो माहुलीच्याच आश्रयानें. १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतलें. पुढें १६६५ च्या पुरंदरच्या तहांत माहुली मोंगलांकडे गेली व १६७० मध्यें परत आली. अशा धामधुमींत राज्य चालावयाचें तें बातमीवर, आणि बातमी चालावयाची ती जासुदाच्या पायांवर. जासूद व कासीद ह्यांच्या जोड्या पाठविण्याची चाल आपल्या पत्रव्यवहारांत ठिकठिकाणीं दिसते. एक पडला तर दुसऱ्यानें पोहोंचावें, हा त्यांतला रोकडा हिशेब. बहिर्जी नाइकासारखें एखादें नांव आपण अभिमानानें घेतों. बाकीचे सर्व ‘जासूद’ ह्या एकाच शब्दांत मावले. पानिपतच्या संहाराची वार्ता १७६१ मध्यें नानासाहेब पेशव्यांस कळली तीही, ग्रँट डफच्या हकीकतीप्रमाणें, एका सावकाराच्या कासिदाजवळच्या पत्रावरून. पत्रांतील सांकेतिक मजकूर आपल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. तें पत्र घेऊन इतकी मजल मारणारा माणूस कोण होता, हें मात्र मुलें विचारीत नाहींत आणि आपण सांगत नाहीं.

इंग्रजी अमलांत जासुदाचा हरकारा झाला. १८५४ च्या टपाल कायद्यानंतर अर्ध्या आण्याच्या तिकिटावर देशांत कोठेंही पत्र जाऊं लागलें. ह्या सुधारणेचें कौतुक झालें तें योग्यच झालें. परंतु आगगाडी जेथें पोहोंचली नव्हती तेथें त्या अर्ध्या आण्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडला? खांद्यावर टपालाची थैली, हातांत घुंगरू लावलेली काठी, आणि रात्रीच्या रानांत दुडक्या चालीनें धांवणारा गडी, हेंच त्या सुधारणेचें दुसरें टोक होतें. १८६५ मध्यें थळघाटांतून लोहमार्ग खुला झाला आणि ह्या बाजूच्या धांवणाऱ्यांचें मोठें काम संपलें. रुळांपासून दूर असलेल्या पाड्यांतून तें पुढेंही बराच काळ चालू राहिलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आपल्या गांवच्या जत्रेंत कुस्तीचा फड असतो. बैलांच्या शर्यतीचें वेड तर न्यायालयांपर्यंत जाऊन आलें. मुरबाड तालुक्यांतील म्हशाची पौष पौर्णिमेची यात्रा बैलांच्या बाजाराकरितां दूरवर प्रसिद्ध आहे. पण माणसाच्या नुसत्या धांवण्याला जत्रेंत सहसा इनाम नसे. ह्याचें कारण उघड आहे. कुस्ती हा खेळ होता, मर्दानी विद्या होती. धांवणें हें काम होतें, आणि तेंही हुकुमाचें. जो पालखींत बसे तो मोठा, जो घोड्यावर बसे तो त्याच्या खालोखाल, आणि जो पुढें धांवे तो सर्वांत धाकटा. ज्या कामांत प्रतिष्ठा नाहीं त्याची स्पर्धा कोण लावणार? महादेव कोळी, ठाकर, कातकरी, वारली, कुणबी अशा लोकांच्या अंगांत हें कसब पिढ्यान् पिढ्या होतें; पण त्याला गुण म्हणण्याची रीत नव्हती.

ती रीत प्रथम पडली पुण्यास, आणि ती पाडण्यास एका परदेशी खेळाचें निमित्त झालें. १९०६ सालीं स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचें अध्यक्षपद सर दोराबजी टाटा ह्यांच्याकडे आलें. तेथील सामन्यांत दोराबजींनीं जें पाहिलें त्याची आठवण त्यांनीं पुढें लिहून ठेवली आहे. धांवणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे होते. अन्न साधें, पाय अनवाणी, पाश्चात्य शर्यतीच्या नियमांची ओळख नाहीं. तरीही लांबच्या अंतराच्या त्यांच्या वेळा युरोपांतील नामांकित धांवपटूंच्या जवळ येत होत्या. विलायतेंत शिकलेल्या दोराबजींना त्या आंकड्यांचा अर्थ कळला. त्यांनीं खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा एक लहानसा संघ गेला. त्यांत बेळगांवकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षींची मॅरेथॉन पाव किलोमीटर कमी ४३ किलोमीटरांची, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासांतील सर्वांत लांब, होती. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटें ३५ सेकंदांत पहिला आला; चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. आपला ऑलिंपिक संघ म्हणजे हॉकी, असें समजण्याची आपणांस संवय झाली आहे. परंतु हॉकीच्या पहिल्या सुवर्णपदकाच्या आठ वर्षें आधीं महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरील एक तरुण पायांच्या बळावर जगांतील पहिल्या वीसांत येऊन गेला होता.

ह्यानंतर काय व्हावयास हवें होतें? ज्या गांवांतून हीं मुलें आलीं त्या गांवांकडे जावयास हवें होतें. १९२७ मध्यें इंडियन ऑलिंपिक असोसिएशन निघालें, दोराबजीच तिचे पहिले अध्यक्ष झाले. संस्था उभी राहिली, कचेऱ्या झाल्या, परंतु ती वाट खेड्यापर्यंत फार हळू पोहोंचली. ती पोहोंचली तेव्हां फळ लगेच दिसलें. कसाऱ्याचा घाट ओलांडला कीं नाशिक जिल्हा लागतो. तेथील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यांतील कविता राऊत ह्यांनीं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटरांत कांस्यपदक मिळविलें. साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यांतील ललिता बाबर २०१६ मध्यें रिओ येथें अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवल्या. बीडच्या अविनाश साबळे ह्यांनीं २०२२ मध्यें बर्मिंगहॅम येथें त्याच शर्यतींत रौप्यपदक घेतलें. तिघेही खेड्यांतले, तिघांच्याही मागें शाळेपर्यंतची किंवा पाण्यापर्यंतची पायपीट आहे. गुण नव्यानें उपजला नाहीं; तो ओळखणारें कोणी भेटलें, इतकाच फरक.

परदेशांतील दोन दाखले येथें उपयोगी पडतील. इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या डोंगराळ प्रांतांत शहरी प्रवाशांना शिखरावर नेणारे वाटाडे असत. एकोणिसाव्या शतकांत ग्रासमियर येथील वार्षिक खेळांत ह्या वाटाड्यांचीच शर्यत सुरू झाली, आणि तिला नांवही वाटाड्यांची शर्यत असेंच पडलें. ती जत्रा त्या गांवाची राहिली, आणि पुढेंही जॉस नेलरसारखा मेंढपाळ त्या प्रांतांत डोंगरधांवेचा राजा म्हणून मान पावला. ह्याच्या उलट दाखला मेक्सिकोंतील तारहुमारा लोकांचा. १९९३ मध्यें अमेरिकेंतील लेडव्हिल येथील शंभर मैलांची शर्यत त्यांच्यांतील एका पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें टायरच्या तळव्यांच्या वहाणा घालून जिंकली. जग थक्क झालें. त्यांच्यावर पुस्तकें निघालीं, त्यांच्या वहाणांची नक्कल बाजारांत आली. कौतुकाचें पीक भरपूर आलें, पण धान्य ज्याच्या त्याच्या कणगींत गेलें नाहीं. एकीकडे डोंगरच्या माणसाची शर्यत, दुसरीकडे डोंगरच्या माणसाचा देखावा. ह्या दोहोंपैकीं कोणती वाट धरावयाची, हाच आज आपल्यापुढील प्रश्न आहे.

तो आपल्याकडे विशेष तीव्र कां आहे हें शहापुरांत दिसतें. १८९२ सालीं पुरें झालेलें तानसाचें धरण आणि त्यानंतरचें भातसा ह्याच तालुक्यांत आहेत. मुंबईच्या नळाला येणारें पुष्कळसें पाणी येथून जातें. आणि ह्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना गेल्या अनेक उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागली आहे. सप्टेंबरांत ज्या हिरव्या पायवाटेवर हौशी धांवपटू मन रमवितो, त्याच वाटेनें एप्रिलांत बायका हंडे घेऊन जातात. समृद्धी महामार्ग तालुका चिरून गेला, २०२५ मध्यें तो पूर्ण खुला झाला. मोटारींची वाट रुंद झाली, हंड्यांची वाट तेवढीच राहिली. आम्ही हें शर्यतींना दोष देण्याकरितां लिहीत नाहीं. पाण्याचा प्रश्न धांवणाऱ्यांनीं निर्माण केलेला नाहीं, आणि तो सोडविणें त्यांच्या हातींही नाहीं. परंतु जेथून शहराकडे सर्व कांहीं वाहून जातें तेथें शहरांतून येणाऱ्या आणखी एका गोष्टीनें काय द्यावें, हा विचार टाळतां येत नाहीं.

कोणी म्हणतील, शर्यतीच्या दिवशीं गांवांत चार पैसे येतात, चहा-भाकरी खपते, तेवढें पुरे. पैसा आला तर चांगलेंच. तो कमी लेखण्याचें कारण नाहीं. पण भाकरी विकणारा म्हणून गांवाला जागा द्यावयाची आणि धांवणारा म्हणून द्यावयाची नाहीं, ही पालखीच्या पुढें धांवणाऱ्याचीच जुनी व्यवस्था झाली. नोंदणीची मोठी रक्कम, ती भरण्याची शहरी पद्धत, आणि जाहिरातीची इंग्रजी भाषा, ह्या तीन कुंपणांच्या बाहेर जर घाटाखालचा मुलगा व मुलगी उभीं राहिलीं, तर शर्यत ज्यांच्या अंगणांत झाली तेच तिचे प्रेक्षक ठरतात.

म्हणून स्थानिक मंडळानें भरविलेली शर्यत आम्हांस अधिक मोलाची वाटते. वाट आंखण्यापूर्वीं तें मंडळ गांवाला विचारूं शकतें. कोणतें शेत लावणीचें आहे, कोणत्या देवराईंत पाऊल ठेवूं नये, हें त्याला सांगावें लागत नाहीं. तालुक्यांतील शाळांच्या व आश्रमशाळांच्या मुलांना तें बिनमोल धांवूं देऊं शकतें, आणि ज्याचे पाय जातीचे आहेत त्याला पुढच्या शिक्षकापर्यंत पोहोंचवूं शकतें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तें नांवें लिहून ठेवूं शकतें. सिद्धगडच्या रानांत २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील पडले. त्यांचीं नांवें राहिलीं, कारण लोकांनीं तीं राखलीं. ज्या वाटांवर दोन हजार वर्षें बिननांवाचे लोक धांवले, त्यांवर पहिल्या आलेल्याचें, शेवटच्या आलेल्याचें, आणि वळणावर उभें राहून वाट दाखविणाऱ्याचेंही नांव वहींत पडावें, ही गोष्ट दिसावयास लहान आहे.

नाणेघाटाच्या भिंतीवर राणीनें दान दिलेल्या गाईंची संख्या कोरली आहे. शर्यतीच्या वहींत म्हशाच्या किंवा डोळखांबच्या एखाद्या मुलीचें नांव व तिची वेळ लिहिली जाईल, तेव्हां त्या भिंतीवर राहून गेलेली एक ओळ भरून निघेल.