'लो', 'मीडियम', 'हाय' : गेममधल्या एका मेनूचा इतिहास



भारतात जाताना भाच्या-पुतण्यांसाठी सेलमधला स्वस्त लॅपटॉप बॅगेत टाकणारे आपल्यात बरेच असतील. पुढची कथा ठरलेली. महिन्याभरात फोन येतो, "मामा, यावर गेम अडकतोय, ग्राफिक्स कार्डवाला पाहिजे होता." कार्डवाल्याची किंमत आपल्याला माहीत आहेच. तो खर्च करण्याआधी गेममधला ग्राफिक्सचा मेनू मुळात कशासाठी जन्माला आला, हे जरा बघूया.

१० डिसेंबर १९९३ ला अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअरने 'डूम' आणला. चित्र ३२० बाय २००, म्हणजे ६४,००० ठिपके. आज हसू येईल, पण ४ एमबी मेमरीच्या ३८६ मशीनला दर फ्रेमला ते नव्याने रंगवायचे होते, आणि तेही सगळं प्रोसेसरच्या जिवावर. गेमची कमाल मर्यादा सेकंदाला ३५ फ्रेम. ३८६ बिचारा तिच्या जवळपासही पोचत नसे. मग जॉन कार्मॅक आणि मंडळींनी खेळणाऱ्याच्या हातात दोन सोयी दिल्या. वजाचं बटण दाबलं की खेळाची चौकट लहान व्हायची आणि भोवती नक्षीची किनार यायची (ही सोय त्यांच्याच १९९२ च्या 'वुल्फेनस्टाईन थ्रीडी'तही होती). आणि एफ५ दाबलं की आडवे ठिपके निम्मे, प्रत्येक ठिपका दुप्पट रुंद. चित्र भरड दिसायचं, पण राक्षस वेळेवर मारता यायचे :-)

म्हणजे हा मेनू श्रीमंत मशीनवाल्यांसाठी नव्हताच. गरीब मशीनवाल्यालाही खेळता यावं म्हणून केलेली ती तडजोड होती. आणि युक्ती एकच: कमी ठिपके रंगवा.

१९९६ च्या 'क्वेक'ने आणखी एक गोष्ट शिकवली. त्याचं गणित दशांश आकड्यांचं, आणि पेंटियम त्यात तरबेज. सायरिक्सचा ६एक्स८६ ऑफिसच्या कामात चांगला असूनही 'क्वेक'मध्ये धापा टाकायचा. तेव्हा मशीन 'स्लो' आहे म्हणून भागत नाही, नेमकं कुठे अडतंय ते शोधावं लागतं. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं आणि ठिपके रंगवायचं काम वेगळ्या चिपकडे गेलं.

पण स्वस्त लॅपटॉपवाल्याचा खरा इतिहास इथून वेगळा होतो. १९९९ मध्ये इंटेलने आय८१० चिपसेटमध्येच ग्राफिक्स बसवलं. वेगळं कार्ड नको, वेगळी मेमरी नको; मुख्य मेमरीतलाच तुकडा वापरायचा. या घराण्यातला सर्वांना ठाऊक असलेला वारस म्हणजे २००५ चा जीएमए ९५०. २००६ च्या पहिल्या मॅकबुकमध्येही तोच होता. ठिपके तो रंगवायचा, पण आकृत्यांच्या कोपऱ्यांचं गणित परत प्रोसेसरच्याच गळ्यात. शिवाय प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच नळावर पाणी भरणार! मेमरीची एक पट्टी असली तर रस्ता ६४ बिटांचा, दोन जुळ्या पट्ट्या लावल्या तर १२८ बिटांचा. सेटिंगशी तासभर झटापट करणाऱ्यांना ही गोष्ट बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही.

त्यात पडद्याची पंचाईत. जुन्या काचेच्या मॉनिटरवर रिझोल्यूशन कमी केलं तरी चित्र बरं दिसायचं. लॅपटॉपच्या एलसीडीचे ठिपके मोजून बसवलेले. १२८० बाय ८०० च्या पडद्यावर ८०० बाय ६०० लावलं की सगळं पुसट.

याच काळात दोन गेमनी दोन वाटा धरल्या. नोव्हेंबर २००४ चा 'हाफ-लाइफ २' मशीन तपासून स्वतःच सेटिंग सुचवायचा आणि सुचवलेल्या पर्यायापुढे तारा काढायचा. जुनं कार्ड असेल तर नदीचं पाणी साधं दाखवायचा, पण गोष्ट तीच, मजा तीच. कंपनी, वाल्व्ह, खेळाडूंच्या मशीन्सची पाहणी करून आकडेही जाहीर करायची. याला मी चांगली कारागिरी म्हणतो.

नोव्हेंबर २००७ मध्ये जर्मनीच्या क्रायटेकचा 'क्रायसिस' आला. त्याची वरची सेटिंग्ज तेव्हाच्या महागड्या मशीननाही झेपेनात. 'व्हेरी हाय' तर अधिकृतपणे फक्त व्हिस्टा आणि डायरेक्टएक्स १० वरच. पण खटपट्या लोकांनी फायली उघडून आकडे बदलले आणि त्यातलं बरंचसं एक्सपीवरही चालवून दाखवलं! बाकीच्यांनी उलट्या दिशेने तीच खटपट करून गेम साध्या मशीनवर आणला. आज मेनूत दिसणारं 'अँबियंट ऑक्लुजन', म्हणजे कोपऱ्याकापऱ्यातली हलकी सावली, पडद्यावरच्या चित्रावरून काढायची पद्धत याच गेमने आणली. सुंदर आहे, पण स्वस्त चिपला महाग. खऱ्या सावल्यांचं तर विचारूच नका. लान्स विल्यम्सने १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दृश्य आधी दिव्याच्या जागेवरून काढायचं आणि मग आपल्या डोळ्यांनी. म्हणजे काम दोनदा.

पुसट पडद्यावरचा तोडगाही हळूहळू निघाला. अक्षरं आणि मेनू पूर्ण रिझोल्यूशनला, आतलं दृश्य मात्र लहान काढून ताणायचं. एनव्हिडियाचं डीएलएसएस (२०१८), एएमडीचं एफएसआर (२०२१) ही नावं भारी, ताणायची रीतही हुशार, पण गाभा 'डूम'च्या एफ५ चाच. यातलं एफएसआर बिनकार्डाच्या लॅपटॉपवरही चालतं. १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके, १२८० बाय ७२० म्हणजे ९.२ लाख, निम्म्याहून जास्त ओझं इथेच उतरतं. २०२२ मध्ये बाजारात आलेल्या वाल्व्हच्याच स्टीम डेकचा पडदा परत १२८० बाय ८०० आणि मेमरीही वाटून घेतलेली, तरी त्यावर मोठमोठे गेम चालतात.

तेव्हा भाच्याचा फोन आला तर आधी चार्जर लावायला सांगा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप हात आखडता घेतात. मग आतलं रिझोल्यूशन उतरवा, मग सावल्या, मग ते ऑक्लुजन. टेक्स्चर मेमरी पुरेल तोवर राहू देत, ते उतरवून वेग फारसा वाढत नाही आणि चित्र मात्र भकास होतं. आणि झाकणाखाली मेमरीची एकच पट्टी असून दुसरी खाच रिकामी असेल, तर तेवढी मात्र विकत घेऊन द्या.