घोड्याला आरसा लागत नाही

घोड्याशी माझा संबंध बुद्धिबळातल्या अडीच घरांपुरता. रेसकोर्सवर मी कधी पाऊल टाकलं नाही. पगार संपवायला वाणी आणि दूधवाला समर्थ आहेत. तरीही शर्यतीचे घोडे रंगवणाऱ्या जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकारावर माझा जीव आहे.

स्टब्स १७२४ साली लिव्हरपूलला जन्मला. बाप चामड्याच्या धंद्यातला. पोरगा उत्तर इंग्लंडात माणसांची पोर्ट्रेट्स काढून पोट भरू लागला. आता गिऱ्हाइकाला नाक सरळ हवं असतं, हनुवटी एकच हवी असते. घोड्याचं तसं नाही. तो आरशात बघत नाही!

१७५६ च्या सुमारास हा गृहस्थ लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो गावी राहिला आणि दीड वर्ष मेलेले घोडे टांगून, एकेक थर सोलून त्यांची चित्रं काढत बसला. (शेजारी कसे राहिले असतील, देव जाणे!) त्यातून १७६६ साली घोड्याच्या शरीररचनेवरचं त्याचं पुस्तक निघालं. पण पुस्तक निघायच्या आधीच सरदार-दरकदार आपापले घोडे रंगवून घ्यायला हजर. गंमत म्हणजे, गिमक्रॅक नावाच्या घोड्याच्या चित्रात त्यानं जिंकलेली शर्यत पार मागे, चिमुकली दाखवलीय; पुढे आहे तो शर्यतीनंतरचा घोडा.

पण घोड्याला आरसा नसला तरी मालक असतो ना! १७९९ साली न्यूमार्केटला हॅम्बलटोनियन आणि डायमंड या घोड्यांची चार मैलांहून लांब शर्यत झाली. पैज तीन हजार गिनींची. चाबूक आणि टाचेचे काटे खाऊन, रक्तबंबाळ होऊन हॅम्बलटोनियन जेमतेम जिंकला. मालक सर हेन्री वेन-टेम्पेस्ट यांनी स्टब्सला चित्र सांगितलं. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यानं बारा फुटी कॅनव्हासवर काय काढावं? जयजयकार नाही, गर्दी नाही. कान मागे टाकलेला, थकून गेलेला घोडा आणि त्याला पुसायला उभी असलेली दोन साधी माणसं.

सरसाहेबांनी पैसे द्यायचं नाकारलं. स्टब्स कोर्टात गेला आणि १८०१ साली जिंकला. त्या जिंकण्याचा खर्च मालकाला पैजेच्या गिनींत दिसत होता. म्हाताऱ्याला तो घोड्याच्या अंगावर दिसला. कोर्टात घोड्याची साक्ष मात्र कुणी काढली नाही. काढली असती, तर खटला एका दिवसात आटोपला असता!