तीन आणि चार मिळून पाच

उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर दोनदा चढते, आधी भरलेली आणि मग रिकामी. दोन्ही वजनांची वजाबाकी म्हणजे उसाचं वजन. आता समजा, पुन्हा पुन्हा तोलून पाहिलं तर भरल्या गाडीच्या वजनाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीची डळमळ, 4 किलो येतं आणि रिकाम्या गाडीचं 3 किलो. मग उसाच्या वजनाचं किती? 1 नाही आणि 7ही नाही. ते 5 येतं. सरासऱ्या सरळ वजा होतात, डळमळ मात्र वजाबाकीतही वाढतेच. 16 आणि 9 मिळून 25, त्याचं वर्गमूळ 5.

एका तोलात काटा जास्त दाखवतो तेव्हा दुसऱ्यात काय दाखवेल याचा नेम नसतो. दोन चुका कधी एकमेकींत भर घालतात, कधी एकमेकींना खोडतात. वर्ग करून सरासरी काढली की ही देवाणघेवाण शून्यावर येते आणि दोघींचे आपापले वर्ग तेवढे उरतात.

चुकांचे वर्ग घेण्याचा पक्ष गणिती गाउसने 1821 मध्ये मांडला. लाप्लास चूक किती एवढंच पाहायचा, चिन्ह सोडून. गाउसने वर्ग घेतला आणि ही निवड मर्जीची आहे, सोपी पडते म्हणून केली, हे मोकळेपणाने लिहून टाकलं. स्वतंत्र राशींच्या बेरजेत हे वर्ग मिळवायचे, हा नियम फ्रान्सच्या बिएनेमेने 1853 मध्ये स्वच्छ मांडला. प्रमाण विचलनाला ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ हे नाव कार्ल पिअर्सनने 1893 मध्ये दिलं.

या नियमात खरा जीव ओतला तो संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने. तो तेव्हा शाळेत शिकवत होता. माणसामाणसांतला फरक आनुवंशिकतेतून कसा येतो, यावरचा त्याचा निबंध आधी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला. परीक्षकांत खुद्द पिअर्सन होता. तिथे डाळ शिजली नाही. शेवटी 1918 मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने तो छापला.

त्याच्यापुढचा पेच साधा होता. उंचीतल्या फरकाला दोन स्वतंत्र कारणं असतील तर कोणाचा वाटा किती? 3 आणि 4 मिळून 5 होत असतील तर वाटणी करणार कशी? वर्गांची मात्र होते: 25 पैकी 9 एकाचे, 16 दुसऱ्याचे, म्हणजे 36 टक्के आणि 64 टक्के. म्हणून त्याने प्रमाण विचलनाच्या वर्गालाच स्वतंत्र नाव दिलं, ‘व्हेरिअन्स’. सख्ख्या भावांच्या उंचीतला सहसंबंध सुमारे 0.54 होता. फिशरने त्याचा अर्थ लावला, की 54 टक्के व्हेरिअन्स वंशातून आला आणि उरलेल्या 46 टक्क्यांचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. बेरीज जुळते म्हणून वाटणी जुळते, आणि त्या वाटणीसाठीच हा शब्द जन्माला आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

वर्गांच्या या बेरजेला अट एकच, चुका स्वतंत्र हव्यात. काट्याचं शून्यच 10 किलो सरकलेलं असेल तर भरल्या गाडीतही 10 जास्त आणि रिकाम्या गाडीतही 10 जास्त. ते वजाबाकीत पुरते उडून जातात आणि उसाचं वजन बरोबर निघतं.