तुमच्या मागावर राहण्याचा परवाना कुणी दिला?

"माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही. कुणी माझी माहिती घेतली तर काय बिघडले?" असे आपल्यातले अनेक तरुण विचारतात. पाठोपाठ दुसरे वाक्य येते, "इंटरनेट म्हटले की हे होणारच." ही दोन्ही वाक्ये इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. इंटरनेटवरची पाळत काही माणसांनी आणि कंपन्यांनी नफ्यासाठी घेतलेल्या निर्णयांतून उभी राहिली आहे.

१९९४ साली नेटस्केप कंपनीतला तरुण अभियंता ल्यू माँटुली एका अडचणीवर उपाय शोधत होता. वेबसाइटला ग्राहकाची ओळख लक्षात राहत नसे. खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर गायब होई. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देणे हा सोपा उपाय होता. माँटुलीने तो नाकारला, कारण त्या क्रमांकावरून माणसाचा सगळीकडे माग काढता आला असता. त्याने 'कुकी' बनवली. कुकी म्हणजे वेबसाइटने तुमच्या संगणकात ठेवलेली छोटी चिठ्ठी. जिने ती ठेवली, त्याच वेबसाइटला ती परत मिळते.

पण यातून पळवाट निघाली. पानावरची जाहिरात दुसऱ्याच कंपनीकडून येत असेल, तर तीही आपली चिठ्ठी ठेवू शकते. हीच 'थर्ड पार्टी कुकी'. ती कंपनी हजारो वेबसाइटांना जाहिराती पुरवत असेल, तर तुम्ही सकाळी वाचलेली बातमी, दुपारी शोधलेला आजार आणि रात्री केलेली कर्जाची चौकशी, सगळे तिच्या एकाच वहीत जमा होते.

हा धोका वेळीच ओळखला गेला होता. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने फेब्रुवारी १९९७ मध्ये सांगितले की, अशा परक्या कुकी मुळात बंद असाव्यात; वापरणाऱ्याने स्वतः ठरवले तरच त्या सुरू व्हाव्यात. जाहिरात कंपन्यांनी विरोध केला. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरमध्ये त्या सुरूच ठेवल्या. कोट्यवधी लोकांच्या वतीने हा निर्णय घेतला गेला आणि त्यांना कुणी विचारलेही नाही.

पुढचा क्रम पाहा. १९९९ मध्ये डबलक्लिक या जाहिरात कंपनीने ॲबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेतली. ॲबॅकसकडे कोट्यवधी अमेरिकन कुटुंबांच्या खरेदीच्या नोंदी नावपत्त्यासह होत्या. कुकीतली निनावी नोंद या नावांशी जोडायचा बेत होता. लोक खवळले, तक्रारी झाल्या आणि मार्च २००० मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली. २००८ मध्ये डबलक्लिक गूगलच्या ताब्यात गेली. या दोन प्रकारची माहिती वेगळी ठेवण्याचे आश्वासन गूगलने २०१६ मध्ये आपल्या धोरणातून काढून टाकले. लोक जागे होते तेव्हा जे जमले नाही, ते लोकांचे लक्ष नसताना जमले.

आता "काय बिघडले?" याचे उत्तर. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवून दिले की, फेसबुकवर घराची जाहिरात देताना कृष्णवर्णीयांना वगळता येत होते. फेसबुकने लोकांच्या वावरावरून त्यांचे 'वांशिक जवळीक' असे गट पाडले होते. आडनाव ऐकून घर नाकारणारा घरमालक आपल्याला ठाऊक आहे. त्याच्याशी भांडता येते, तक्रार करता येते. पण जी जाहिरात तुमच्यापर्यंत आलीच नाही, तिच्याविरुद्ध तक्रार कशी करणार? पाळतीतून होणारा भेदभाव असा न दिसणारा असतो.

बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात नागरिकाचे घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. ते मूलभूत हक्कांच्या यादीत आले नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. त्याच निवेदनात बाबासाहेबांनी आणखी एक इशारा दिला होता: केवळ सरकारला आवर घातल्याने माणूस मोकळा होत नाही, त्या जागी खासगी मालकाची हुकूमत येते. आज आपली कागदपत्रे मोबाइलमध्ये आहेत आणि झडती घेणारी खासगी कंपनी आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला मोठे स्थान आहे. पण न वाचता 'मान्य आहे' वर दाबलेले बोट ही खरी संमती नव्हे. पाळत मुळात बंद ठेवणे अशक्यही नाही. ॲपलच्या सफारीने २०२० मध्ये परक्या कुकी पूर्णपणे अडवल्या. गूगलने त्याच वर्षी क्रोमबाबत तसेच वचन दिले आणि २०२४ मध्ये ते मागे घेतले.

म्हणून आजच ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन परक्या कुकी बंद करा. पण तेवढ्यावर थांबू नका. पाळत मुळात बंद असावी, ही १९९७ ची मागणी आता हक्क म्हणून लावून धरा. आपल्या संघटनांनीही सभासद नोंदणीच्या फॉर्मवर गरजेपेक्षा एकही रकाना जास्त ठेवू नये. जो हक्क आपण मागतो, तो आधी आपल्या माणसांना द्यायला हवा.