गर्भाशयाच्या कर्करोगातील गर्भाशय-उच्छेदन

गर्भाशय-उच्छेदन म्हणजे स्त्रीचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकणे. बोलीभाषेत या शस्त्रक्रियेस ‘पिशवी काढणे’ असे म्हणतात. गर्भाशयाच्या अंतःस्तरात उद्भवणाऱ्या कर्करोगावर हा प्रमुख उपचार आहे. रोग गर्भाशयाच्या आत मर्यादित असतानाच ओळखला गेला, तर अनेक रुग्णांना या शस्त्रक्रियेखेरीज अन्य उपचारांची गरज पडत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी आणि नंतरची पुरेशी विश्रांती हे उपचाराचेच भाग मानले जातात.

परिभाषा
मराठीत ‘गर्भाशयाचा कर्करोग’ हा शब्दप्रयोग दोन वेगळ्या रोगांसाठी केला जातो. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रामुख्याने मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गातून होतो व पॅप चाचणी मुख्यतः त्याच्या शोधासाठी असते. अंतःस्तराच्या कर्करोगाचा या विषाणूशी संबंध नसतो. पॅप चाचणी निर्दोष आली म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही. प्रस्तुत लेख मुख्यतः अंतःस्तराच्या कर्करोगासंबंधी आहे.

लक्षणे व निदान
हा रोग बहुधा रजोनिवृत्तीनंतर आढळतो. स्थूलता, मधुमेह, अपत्य नसणे, बीजकोशांचे काही विकार, प्रोजेस्टेरॉनच्या जोडीशिवाय दीर्घकाळ घेतलेले इस्ट्रोजेन आणि आनुवंशिकता यांमुळे त्याचा धोका वाढतो. पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा होणारा रक्तस्राव हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण होय. हा स्राव थोडा असला व वेदना नसल्या तरी त्याची तपासणी आवश्यक असते. असा स्राव झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो; परंतु ‘पाळी परत आली’ असे समजून केलेला विलंब रोग असणाऱ्यांना महागात पडतो.

सोनोग्राफीने अंतःस्तराची जाडी मोजली जाते. मात्र निश्चित निदान अंतःस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होते. रोगाचा विस्तार जाणण्यासाठी एमआरआय किंवा सीटी स्कॅन केले जाते.

इतिहास
जर्मन शल्यचिकित्सक कॉनराड लांगेनबेक यांनी १८१३ मध्ये योनिमार्गाने गर्भाशय काढले. विल्हेल्म फ्रॉइंड यांनी १८७८ मध्ये कर्करोगासाठी पोटावर छेद घेऊन ही शस्त्रक्रिया केली. व्हिएन्नातील अर्न्स्ट वेर्थहाइम यांनी १८९८ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विस्तृत उच्छेदनाची पद्धत रूढ केली. दुर्बिणीद्वारे गर्भाशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत हॅरी राइक यांनी १९८८ मध्ये केली.

शस्त्रक्रियेचे स्वरूप
अंतःस्तराच्या कर्करोगात साधारणतः गर्भाशय, गर्भाशयमुख, दोन्ही बीजवाहिन्या व दोन्ही बीजकोश काढले जातात. रोग पसरला आहे काय हे पाहण्यासाठी ओटीपोटातील काही लसिकाग्रंथीही तपासणीस घेतल्या जातात. शस्त्रक्रिया पोटावर मोठा छेद घेऊन, दुर्बिणीने किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने करता येते. प्रारंभिक अवस्थेत दुर्बिणीच्या पद्धतीने जगण्याचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेइतकेच राहते व रुग्ण लवकर सावरतो, असे मोठ्या चाचण्यांतून दिसून आले आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दुर्बिणीच्या विस्तृत उच्छेदनाचे निष्कर्ष खुल्या पद्धतीपेक्षा निकृष्ट ठरले. म्हणून एका रुग्णासाठी योग्य ठरलेली पद्धत दुसऱ्या रुग्णासही योग्य असेलच असे नाही.

अपत्याची इच्छा असलेल्या तरुण स्त्रीचा रोग अगदी प्रारंभिक व सौम्य प्रकारचा असल्यास, काटेकोर देखरेखीखाली काही काळ संप्रेरक उपचार देऊन शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते.

पूर्वतयारी
रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंडाचे कार्य, हृदयाचा आलेख व छातीची क्ष-किरण तपासणी करून भूलतज्ज्ञ रुग्णाची पात्रता ठरवतात. दीर्घ रक्तस्रावामुळे पंडुरोग झाला असल्यास लोहाची औषधे, शिरेतून लोह किंवा रक्त दिले जाते. साखर व रक्तदाब आटोक्यात आणले जातात. रक्त पातळ करणाऱ्या व मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या हे वैद्य ठरवतात. काढे व आयुर्वेदिक औषधे चालू असल्यास त्यांचीही माहिती देणे आवश्यक असते. धूम्रपान, तंबाखू तसेच ग्रामीण भागात दातांना लावली जाणारी मिश्री शक्य तितक्या आधीपासून बंद करण्याचा सल्ला दिला जातो. तंबाखूमुळे जखम भरण्यास वेळ लागतो.

सामान्यतः शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास घन आहार व दोन तास पाणी बंद केले जाते. मधुमेह किंवा पचनाचा विकार असल्यास सूचना वेगळ्या असू शकतात. शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वी बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी, नखांचा रंग व कृत्रिम दात काढावे लागतात. दीर्घ श्वसनाचा सराव आधीपासून केल्यास शस्त्रक्रियेनंतर छातीत कफ साठण्याचा धोका कमी होतो.

संमतीपत्रावर सही रुग्णाने स्वतः, समजून घेऊन करावयाची असते. कोणते अवयव काढले जाणार, बीजकोश ठेवता येतील काय, दुर्बिणीची शस्त्रक्रिया खुल्या शस्त्रक्रियेत बदलावी लागण्याची शक्यता किती, हे प्रश्न तिने त्यापूर्वी विचारणे इष्ट असते. घरातील स्वयंपाक, पाणी भरणे व लहान मुलांची देखभाल पुढील दीड-दोन महिने कोण करणार, हेही आधीच ठरवावे लागते.

रुग्णालयातील काळ
मूत्रमार्गातील नळी बहुधा एका दिवसात काढली जाते. वेदनाशामके नियमित घेतल्यास रुग्णास खोकणे व चालणे सोपे जाते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधाराने चालविले जाते, कारण पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याची भीती असते. या गाठी टाळण्यासाठी विशिष्ट मोजे व इंजेक्शने दिली जातात; कर्करोगाच्या रुग्णांत इंजेक्शने काही वेळा चार आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक ते तीन, तर खुल्या शस्त्रक्रियेनंतर चार ते सात दिवसांत घरी पाठविले जाते.

घरी सावरण्याचा काळ
दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार ते सहा व खुल्या शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे जड काम वर्ज्य असते. बाहेरची जखम दहा-पंधरा दिवसांत भरलेली दिसली, तरी योनीच्या वरच्या टोकाचे आतील टाके भरून येण्यास अधिक काळ लागतो. त्यामुळे भरलेली कळशी किंवा हंडा, गॅसची टाकी, धान्याचे पोते व कडेवरचे मूल उचलणे टाळावे लागते. उकिडवे बसून धुणे-भांडी व शेतातील खुरपणीही या काळात करू नये. दररोज थोडे थोडे वाढवीत चालणे मात्र हितकारक असते. शरीरसंबंध सुमारे आठ आठवडे व वैद्यांच्या तपासणीनंतरच सुरू करावेत.

भात किंवा दही खाल्ल्याने टाके पिकतात, हा समज निराधार आहे. जखम भरण्यासाठी डाळी, उसळी, दूध, अंडी यांसारखा प्रथिनयुक्त आहार उपयुक्त असतो. पाणी, भाज्या, फळे व गरज पडल्यास इसबगोल यांनी बद्धकोष्ठ टाळता येते. काही आठवडे थोडा तपकिरी स्राव होणे स्वाभाविक आहे.

पुढील लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालयात जावे:
• ताप, थंडी किंवा जखमेतून पू
• घडी भिजविणारा लाल रक्तस्राव किंवा दुर्गंधीयुक्त स्राव
• एका पोटरीस सूज व वेदना, छातीत दुखणे, धाप लागणे
• सतत उलट्या व पोट फुगणे
• लघवी अडणे किंवा योनिमार्गे नकळत पाझरणे

दूरगामी परिणाम
गर्भाशय काढल्यावर पाळी व गर्भधारणा शक्य नसते. पाळी चालू असलेल्या स्त्रीचे बीजकोशही काढल्यास रजोनिवृत्ती एकाएकी येते. अंगातून वाफा येणे, झोपमोड, योनीचा कोरडेपणा व हाडांची झीज असे त्रास होऊ शकतात. लसिकाग्रंथी काढल्याने काही रुग्णांच्या पायांना सूज येते. काहींना खिन्नता व आपल्यात उणेपणा आल्याची भावना जाणवते. अशा वेळी समुपदेशन व कुटुंबाची साथ यांचा उपयोग होतो. गर्भाशय काढल्याने स्त्रीत्व संपते किंवा कर्करोग स्पर्शाने पसरतो, या समजुतींना कोणताही आधार नाही.

अहवाल व पुढील उपचार
काढलेल्या अवयवांचा विकृतिशास्त्रीय अहवाल साधारण एक ते दोन आठवड्यांत मिळतो व त्यावरून रोगाचा अंतिम टप्पा ठरतो. धोका कमी असल्यास केवळ नियमित तपासणी पुरते. धोका अधिक असल्यास योनिमार्गे आंतरकिरणोपचार, बाह्य किरणोपचार किंवा रसायनोपचार दिले जातात. पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी व नंतर पाच वर्षांपर्यंत कमी वारंवारतेने तपासणी केली जाते.

महाराष्ट्रातील स्थिती
मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय हे राज्यातील कर्करोगोपचाराचे प्रमुख केंद्र आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार अंतर्भूत आहेत.

मोठ्या शहरांबाहेरील रुग्णांपुढे अंतराचाही प्रश्न असतो. बाह्य किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे चालतात. पुणे–लोणावळा लोकल मार्गावरील घोरावाडीसारख्या लहान स्थानकाच्या परिसरातील स्त्रीस शस्त्रक्रियेतून सावरत असतानाच पुण्यास रोज जा-ये करावी लागू शकते. त्यामुळे सोबत कोण येणार, जवळच्या केंद्रात सोय आहे काय, हे पूर्वतयारीतच पाहिले जाते. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना भारतीय रेल्वे प्रवासभाड्यात सवलत देते.

याच राज्यात गरज नसताना गर्भाशय काढण्याचा प्रश्नही गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये या शस्त्रक्रियेचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये उघड झाल्यावर शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,००० हून अधिक स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरा स्राव, पोटदुखी किंवा ‘पुढे कर्करोग होईल’ ही भीती एवढ्यावरून शस्त्रक्रिया करणे शास्त्रसंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी, अनावश्यक गर्भाशय-उच्छेदन रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश राज्यांना दिले. कर्करोगाच्या भीतीने शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास तुकडा तपासणीचा अहवाल मागणे व दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा रुग्णाचा अधिकार आहे. तपासणीत कर्करोग सिद्ध झाल्यावर मात्र शस्त्रक्रिया लांबविणे धोक्याचे ठरते.

हे सुद्धा पहा
• गर्भाशयमुखाचा कर्करोग
• रजोनिवृत्ती
• किरणोपचार
• टाटा स्मारक रुग्णालय